आयएफटॉप की नेटहॉग्ज?

बँडविड्थ, म्हणजे नेटवर्कची डेटा वाहून नेण्याची क्षमता, नेमकी कुठे जाते हे टर्मिनलवरच (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) पाहायचे असेल, तर अनेकांची निवड आयएफटॉप (iftop) आणि नेटहॉग्ज (nethogs) या दोन साधनांपाशी अडते. आयएफटॉप नेटवर्कवरच्या कोणत्या दोन पत्त्यांमध्ये किती डेटा वाहतो आहे ते जोडीजोडीने मांडते आणि प्रत्येक जोडीसमोर मागील २, १० व ४० सेकंदांची सरासरी देते. त्यामुळे क्षणिक उसळी आणि सलग चाललेले मोठे डाउनलोड यांतला फरक लगेच कळतो. मात्र त्यामागे कोणता प्रोग्राम आहे, हे ते सांगत नाही. नेटहॉग्ज नेमके तेच सांगते: लिनक्सच्या प्रोक (/proc) फाइलसिस्टिममधून, म्हणजे यंत्रणेची चालू माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या भागातून, कनेक्शन आणि प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम) यांची सांगड घालून ते प्रत्येक प्रक्रियेचा पीआयडी (ओळख क्रमांक) व वेग दाखवते, पलीकडच्या पत्त्यांचा तपशील मात्र त्यात शोधू नये.

शिकण्याचे कष्ट दोन्हींत नगण्य आहेत. आयएफटॉपला ‘-n’ हा पर्याय अवश्य द्यावा, नाहीतर पत्त्यांची नावे शोधण्यासाठी डीएनएस या नाव-पत्ता सेवेकडे केलेल्या विचारणाही यादीत घुसतात.

राउटरचे काम करणाऱ्या यंत्रावर आयएफटॉपच हवे, कारण तिथून केवळ पुढे जाणाऱ्या पॅकेटांमागे (डेटाच्या तुकड्यांमागे) त्या यंत्रावरची कोणतीही प्रक्रिया नसतेच. स्वतःच्या संगणकावर गुपचूप अपडेट ओढणारा प्रोग्राम पकडायचा असेल, तर नेटहॉग्ज घ्यावे. महिन्याभराचा हिशेब दोन्ही ठेवत नाहीत. त्यासाठी व्हीएनस्टॅट (vnstat) हे साधन वेगळे बसवावे लागते.