विंग दमदार, स्प्लिटरचे आधार कच्चे: ट्रॅक कारच्या एरो संचाचं परीक्षण

निकाल आधी. मागची विंग घेण्याजोगी आहे. स्प्लिटरची, म्हणजे पुढच्या बंपरखालची आडवी, फळी ठीक आहे, पण ती धरून ठेवणारं सगळं सामान बदलावं लागेल. आणि ‘विंग ८ अंशांवर लावून सुरुवात करा’ ही सूचनापत्रातली ओळ खोडून टाकावी, कारण त्या कोनावर विंग संचातल्याच स्प्लिटरला पुरून उरते आणि वेगाच्या वळणात गाडी पुढून सरकत राहते.

संचात १५०० मिमी लांब आणि २५० मिमी कॉर्डची (पुढून मागे रुंदीची) सरळ ॲल्युमिनियम विंग आहे, वरून धरणारे दोन हंसमानेचे ब्रॅकेट, दोन एंडप्लेट (विंगेच्या टोकांचे उभे पत्रे), १२ मिमी उंचीचा गर्नी फ्लॅप (विंगेच्या मागच्या कडेवरची उभी पट्टी), १२ मिमी बर्च प्लायचा स्प्लिटर आणि त्याला आधाराच्या दोन बारीक सळ्या. एअर डॅम, म्हणजे बंपर आणि फळी यांच्यातली फट बुजवणारा उभा पत्रा, नाही. ही उणीव छोटी वाटते, पण पुढे सगळं तिथेच अडतं.

विंगेपासून सुरू करू. डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, देण्याचं मुख्य काम पात्याची खालची बाजू करते, त्यामुळे वरून धरणारे ब्रॅकेट ही या संचातली सर्वांत चांगली गोष्ट. खालचा प्रवाह अडत नाही. ८ अंशांवर विंगेचा लिफ्ट गुणांक (हवेतून भार काढण्याच्या क्षमतेचा आकडा) १.२ धरला तर ताशी १६० किमीला ती साधारण ५४ किलोचा भार देते. वेग निम्मा झाला की भार चौथाई होतो, म्हणजे ताशी ८० किमीला जेमतेम साडेतेरा किलो. म्हणून हळू वळणात गाडी नीट वळत नसेल तर विंगेला हात लावण्यात अर्थ नाही. तो प्रश्न स्प्रिंग, अँटिरोल बार आणि टायरच्या हवेचा.

आता तरफेचा हिशेब, जो सूचनापत्रात अजिबात नाही. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या आसांतलं अंतर) २.५ मीटर आणि विंग मागच्या आसाच्या ०.६ मीटर मागे असेल, तर त्या ५४ किलोंमुळे मागच्या चाकांवर ६७ किलो चढतात आणि पुढच्या चाकांवरून १३ किलो उतरतात. शिवाय विंगेचा सुमारे ७ किलोचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मागे ओढतो, त्यात पुढचे आणखी ३ किलो जातात. थोडक्यात, मागे विंग लावली की पुढचे सोळा किलो हलके झाले. स्प्लिटरचंही तसंच, उलट दिशेने: तो पुढच्या आसाच्या ०.७५ मीटर पुढे ४० किलो देत असेल तर पुढे ५२ चढतात, मागून १२ उतरतात.

सगळं एकत्र केलं की पुढे ३६ आणि मागे ५८ किलो. पुढचा वाटा ३८ टक्के. गाडीचं वजन पुढे ५२ टक्के असेल तर हा समतोल फारच मागे गेला. एरोचा पुढचा वाटा वजनाच्या पुढच्या वाट्यापेक्षा थोडा कमी, साधारण ३ ते ५ टक्क्यांनी, असावा. म्हणजे वेग वाढेल तशी गाडी स्थिर होत जाते, पण वळायचं सोडत नाही. इथे तो १४ टक्क्यांनी कमी आहे. विंगेचा भार ४२ किलोंवर आणला की पुढचा वाटा ४८ टक्क्यांवर येतो, आणि त्यासाठी विंग साधारण ३ अंशांनी सपाट करावी लागते. म्हणजे सुरुवात ८ नव्हे, ५ अंशांपासून. एकूण डाउनफोर्स घटतो हे खरं, पण जो भार वळणात वापरताच येत नाही तो सरळ रस्त्यावर फक्त वेग खातो.

इथेच विंगेचा मोठा दोष दिसतो. एक अंश बदलला की समतोल सुमारे ३ टक्के सरकतो, आणि एंडप्लेटवरची भोकं अडीच-अडीच अंशांच्या अंतराने पाडलेली आहेत. एका भोकाची उडी ७-८ टक्क्यांची! एवढ्या ढोबळ पायऱ्यांत नेमका कोन सापडणं नशिबावर. भोकांऐवजी कमानीची खाच असती तर हीच विंग पैकीच्या पैकी गुण घेऊन गेली असती. तोवर मधल्या कोनांसाठी वेगळी ॲल्युमिनियम पट्टी भोकं पाडून वापरावी. कोन डिजिटल अँगल गेजने मोजावा, गाडी सपाट जमिनीवर, चालकाचं वजन आणि नेहमीचं इंधन आत ठेवून.

सरळ पात्याची आणखी एक अडचण आहे. छतावरून उतरणारी हवा विंगेच्या मध्यभागी खालच्या दिशेने येते, टोकांना ती जवळजवळ आडवी असते. त्यामुळे गेजवर ८ दिसले तरी मधल्या भागाला प्रत्यक्षात काही अंश जास्त भेटतात आणि तिथे आधी स्टॉल होतो, म्हणजे हवा पात्यापासून सुटते आणि भार घटतो. खालच्या बाजूला लोकरीचे १०० मिमीचे धागे चिकटवून मागून कॅमेरा लावला की हे लगेच कळतं: धागे सरळ मागे वाहत असतील तर ठीक, फडफडत उलटे वळत असतील तर कोन जास्त झाला. वरच्या बाजूला धागे लावून फारसं काही हाती लागत नाही.

गर्नी फ्लॅप १२ मिमीचा दिला आहे, म्हणजे कॉर्डच्या जवळजवळ ५ टक्के. एक ते दोन टक्के, अर्थात ३ ते ५ मिमी, पुरेसा असतो. त्यापुढे ड्रॅग वाढत जातो. ५ मिमीची ॲल्युमिनियमची कोनपट्टी कापून लावा आणि दिलेला फ्लॅप बाजूला ठेवा.

बसवण्याबद्दल सौम्य शब्दांत लिहिणं बरोबर होणार नाही. सोबतचे बोल्ट आणि वॉशर फक्त डिकीच्या पत्र्यावर बसवण्यापुरते आहेत. पत्रा वाकतो, कोन वेगासोबत बदलतो, भोकांभोवती तडे जातात. खालून किमान ३ मिमीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या द्याव्यात, शक्य असेल तर ब्रॅकेट थेट चासीपर्यंत न्यावेत, आणि ८.८ दर्जाचे बोल्ट नायलॉक नटांसह वापरावेत. १९६९ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत, माँजुइकला, ग्रॅहम हिल आणि योहेन रिंट या दोघांच्याही लोटसवरच्या उंच विंगा मोडल्या आणि दोन्ही गाड्या आदळल्या; त्यानंतर लगेच मोनॅकोला उंच विंगांवर बंदी आली. मागचा भार वळणाच्या मध्यात अचानक नाहीसा झाला तर गाडी सावरायला वेळ मिळत नाही.

स्प्लिटर. फळी पुढच्या आसापर्यंत मागे जाते, हे उत्तम, कारण काम खालून होतं. पण वरच्या दाबाचं काय? बंपर आणि फळी यांच्यात फट राहिली की वरची दाबाची हवा खाली गळते आणि खालचं शोषण मरतं. म्हणून एअर डॅम स्वतः करावा लागतो: २ मिमी प्लास्टिकचा पत्रा किंवा पातळ ॲल्युमिनियम, फळीला कोनपट्टीने जोडून, सांध्यात रबर किंवा फोमची पट्टी. ४० किलोंचा वर धरलेला आकडा ही फट बुजवल्यानंतरचाच समजा.

आधाराच्या सळ्या बंपरला अडकवायच्या आहेत. बंपर प्लास्टिकचा! स्प्लिटरच्या पुढच्या कडेवर एक माणूस उभा राहिला तरी फळी जाणवेल इतकी वाकता कामा नये. दिलेल्या जोडणीत ती वाकते. सळ्या बंपरमागच्या लोखंडी बीमला जोडा आणि फळी मागे सबफ्रेमला किमान दोन ठिकाणी धरा. जमिनीपासून ७५ ते १०० मिमी अंतर ठेवून सुरुवात करावी. फार खाली नेलं तर ब्रेक मारताना नाक वाकतं, फळी जमिनीजवळ जाते, पुढचा भार एकदम वाढतो आणि मागची बाजू सुटू लागते. आणखी खाली गेली तर प्रवाहच कोंडतो आणि पुढची पकड गायब होते. वेगाच्या वळणात शिरताना मागचा भाग सुटतो पण मध्यात गाडी शांत असते, असं असेल तर विंग वाढवू नका. पुढच्या स्प्रिंग कडक करा किंवा पुढची राइड हाइट थोडी वर घ्या.

समतोल प्रत्यक्ष मोजायचा तर डॅम्परवर पोटेन्शिओमीटर (डॅम्पर किती दबला ते मोजणारे सेन्सर) हवेत. डॅम्परच्या दांड्यावर झिप टाय बांधून मोजणं या कामाला निरुपयोगी, कारण ती खड्ड्यातला किंवा ब्रेकमधला सर्वांत मोठा दाब दाखवते, हवेचा नाही. सरळ रस्त्यावर क्लच दाबून गाडी ताशी १६० वरून सोडून द्यावी, वाऱ्याचा परिणाम काढण्यासाठी दोन्ही दिशांना प्रत्येकी तीन-चार फेऱ्या घ्याव्यात आणि कमी वेगाचं वाचन वजा करावं. चाकाचा दर (चाक एक मिमी दाबायला लागणारा जोर) मिमीला ५० न्यूटन असेल तर पुढच्या ४० किलोंना प्रत्येक चाक फक्त ४ मिमी हलतं, आणि मोशन रेशो (चाकाच्या हालचालीचा डॅम्परपर्यंत पोचणारा हिस्सा) ०.७ असेल तर डॅम्परवर ते पावणेतीन मिमी दिसतं. इतक्या छोट्या आकड्याला एकाच फेरीवर विश्वास ठेवणं चूक. मोजमापाचा फायदा असा की मूळ गाडीची बॉडी स्वतः किती उचल देते तेही त्यात येतं. वरच्या कागदी हिशेबात ती धरलेली नाही.

पोटेन्शिओमीटर नसतील तर क्रम असा ठेवावा: आधी ताशी ७०-८० किमीच्या वळणात गाडी यांत्रिक भागांनी समतोल करायची, मग १३० च्या वरच्या वळणात ती कशी बदलते ते पाहायचं. हळू ठीक, वेगात पुढून सरकते: विंग एक अंश सपाट. हळू ठीक, वेगात मागून सुटते: विंग एक अंश वाढवायची. एका वेळी एकच बदल, टायरची गरम हवा तीच.

संच टप्प्याटप्प्याने बसवायचा असेल तर आधी विंग. नुसती विंग गाडीला वेगात वळायला मंद करेल, नुसता स्प्लिटर वेगात मागची बाजू हलकी करेल. हा संच घेणाऱ्याने एअर डॅम, बीमच्या सळ्या, सबफ्रेमचे ब्रॅकेट आणि विंगेखालच्या पट्ट्या यांचं काम खरेदीच्या दिवशीच ठरवून ठेवावं. जो हे करणार नाही त्याने फक्त विंग वेगळी मिळते का ते विचारावं आणि ती २ अंशांवर लावावी.