समांतर की लंब? चढ काढावा की सहगुणक पाहावेत?

दोन रेषांचं नातं ठरवायचे दोन मार्ग आहेत. एकात दोघींचे चढ (उजवीकडे सरकण्याच्या मानाने रेषा किती वर जाते ते) काढायचे: सारखे आले तर समांतर, गुणाकार −१ आला तर लंब. दुसऱ्यात समीकरणांतले सहगुणक (क्ष आणि य यांना लागलेले आकडे) थेट ताडून पाहायचे. कोणता घ्यायचा हे प्रश्नात काय दिलंय यावर ठरतं.

बिंदू दिले असतील तर फार विचार नको, चढच काढा. (१, २) आणि (३, ६) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ (६ − २)/(३ − १) = २. वजाबाकीचा क्रम वर एक, खाली दुसरा झाला की चिन्ह उलटतं. दहावीच्या निर्देशक भूमितीत आणखी एक खोच असते: रेख अबचा आणि रेख बकचा चढ सारखा आला तर त्या समांतर नव्हेत. ब सामाईक आहे, म्हणून तिन्ही बिंदू एकरेषीय.

समीकरण दिलं असेल तर सहगुणक सरस. ३क्ष − ४य + ७ = ० ला लंब आणि (२, −१) मधून जाणारी रेषा हवी आहे. चढाने गेलात तर य एकटा करताना −४ ने भागावं लागतं, आणि ३/४ ऐवजी −३/४ लिहिला जातो तो तिथेच. त्यापेक्षा सहगुणकांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदला: ४क्ष + ३य + क = ० (इथे क म्हणजे स्थिरपद, शेवटचा सुटा आकडा). बिंदू घातला की ८ − ३ + क = ०, म्हणजे क = −५. समांतर हवी असती तर ३क्ष − ४य तसंच ठेवून फक्त क काढायचा. तो −१० येतो.

अदलाबदल का चालते? उजवीकडे ४, वर ३ ही चाल ९०° वळवली की डावीकडे ३, वर ४ होते. ३/४ चा −४/३ होतो तो असा.

क्ष = ५ आणि य = −२ या जोडीपुढे चढ अडतो. उभ्या रेषेला चढच नाही, मग गुणाकार कशाचा? सहगुणकांत मात्र क्षच्यांचा गुणाकार अधिक यच्यांचा गुणाकार, १×० + ०×१ = ०, म्हणून लंब. ६क्ष − ८य + १४ = ० ला मात्र दोन्ही मार्ग फसतात; ती आधीचीच रेषा आहे, समांतर नव्हे. स्थिरपदही त्याच प्रमाणात आहे का, ते पाहाच.

आलेख काढून डोळ्यांनी ठरवणं सर्वांत बेभरवशाचं. दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वेगळं असेल तर २ आणि −१/२ चढांच्या रेषाही काटकोनात दिसत नाहीत.