नहरीपल्याडचा मुलूख: बुखारा ते खिवा, गाडी आणि गाइडचा अनुभव

मी संभाजीनगरच्या पाणचक्कीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहते. तिथल्या दर्ग्यातले बाबा शाह मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश, दोघेही बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. म्हणून उझबेकिस्तानला जायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली: गिज्दुवान बघायचंच. पुष्कळांच्या यादीत ते गाव नव्हतं. एका छोट्या कंपनीने तीन दिवसांची गाडी आणि हिंदी बोलणारी गाइड असं जमवून दिलं. हा अनुभव त्याचा.

आधी गाइडबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते तिच्यामुळे. तिशीतली मुलगी, ताश्कंदला हिंदी शिकलेली. पहिल्या मिनिटापासून मला ‘ओपा’ म्हणायला लागली. उझबेकीत थोरल्या बहिणीला ओपा म्हणतात. आमच्या गल्लीत मी कितीतरी जणींना ‘आपा’ म्हणते, त्यामुळे परकं असं वाटलंच नाही.

बुखाऱ्यात, तिथे एके काळी राज्य केलेल्या इस्माईल सामानीची विटांची कबर बघून आम्ही बाकावर टेकलो होतो. नुसत्या विटा आडव्या-उभ्या रचून टोपलीसारखी वीण काढली आहे. ऊन सरकेल तशी ती वीण बदलताना दिसते. मी सहज विचारलं, सामानींच्या मुलखाचं नाव काय? तिने माझी वही घेतली आणि शब्द फोडून लिहिला. मा म्हणजे जे, वरा म्हणजे पलीकडे, नहर म्हणजे नदी. मावरा-उन्-नहर, नदीच्या पलीकडे जे आहे ते. उझबेकी तोंडी त्याचं मोवरोउन्नहर होतं.

नहर! आमच्या संभाजीनगरात नहर म्हणजे मलिक अंबरने जमिनीखालून खेळवलेलं पाणी, नहर-ए-अंबरी. पाणचक्की फिरते तीसुद्धा नहरीच्याच पाण्यावर. अरबीत नदीही नहरच, हे मला साठीत कळलं. पाठोपाठ दुसरा शब्द आला. आपला दर्या म्हणजे समुद्र, त्यांचा दर्या म्हणजे नदी. म्हणजे आपण ‘अमू दर्या नदी’ लिहितो तेव्हा नदी दोनदा लिहितो.

मग मी विचारलं, पलीकडे म्हणजे कुणाच्या पलीकडे? तिला हा प्रश्न फार आवडला. अरब फौजा खुरासानात, म्हणजे नदीच्या इराणकडच्या बाजूला, मर्व शहराकडे होत्या. तिथून त्यांनी अमू, म्हणजे नावातली तीच नदी, ओलांडून 709मध्ये बुखारा आणि 712मध्ये समरकंद घेतलं. त्यांच्यासाठी हा सगळा पैलतीर. ग्रीक या नदीला ऑक्सस म्हणत, त्यावरून युरोपीय लोकांनी ट्रान्सऑक्सियाना केलं, तेही पलीकडचंच. इथली माणसं त्याआधी आपल्या प्रदेशाला सुग्द म्हणत होती. पल्याडचं हे नाव त्यांनी पुढे इतकं आपलंसं केलं की फरगण्यात जन्मलेला बाबरही समरकंदच्या मुलखाला लोक मावरा-उन्-नहर म्हणतात असं लिहून गेला. रशियनांनी 1867मध्ये तुर्कस्तान नावाचा सुभा केला, 1924मध्ये सोव्हिएत सरकारने प्रजासत्ताकांच्या नव्या सीमा आखल्या, आणि नकाशावर हे नाव उरलं नाही. पुस्तकांत आहे, आणि तिच्या बोलण्यात आहे.

गिज्दुवान बुखाऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. तैमूरचा नातू उलुगबेग याने 1433मध्ये बांधलेला लहानसा मदरसा आणि शेजारी सूफी संत अब्दुलखालिक गिज्दुवानींची कबर. मी पाणचक्कीच्या हौदाचा फोटो मोबाइलवर दाखवला, तर तिथल्या एका आजोबांनी फोन हातात घेऊन तो बराच वेळ न्याहाळला आणि मग छातीवर हात ठेवला. कुंभारवाड्यातून मातकट पिवळ्या झिलईची एक थाळी घेतली. ती आता आमच्या देवघराशेजारी आहे.

तिसऱ्या दिवशी खिवा. साडेचारशे किलोमीटर, जवळजवळ सगळं किझिलकुमचं वाळवंट. मध्येच तिने गाडी थांबवली. डाव्या हाताला, खाली, अमू. रुंद, गढूळ, चहात दूध कमी पडावं तसल्या रंगाची, मध्ये वाळूची बेटं, आणि आवाज अजिबात नाही. मी काठावर उभी होते, पण अरबांच्या समोरच्या काठावर. माझ्यासाठी पलीकडे म्हणजे ते जिथून आले ती बाजू! वहीतला शब्द मला तिथे खरा कळला. पुढे पुलावरून जाताना ती म्हणाली, “ओपा, आता आपण मोवरोउन्नहरच्या बाहेर आलो.” काटेकोर धरलं तर खिवा नदीच्या या अंगाला, ख्वारिज्म नावाच्या वेगळ्या मुलखात.

आता तक्रारी. गाडीचा एसी दुसऱ्या दुपारी बंद पडला, आणि बदली गाडी कबूल करूनही आली नाही. वाळवंटात हे चालणार नाही, मी त्यांना तसं लेखी कळवलं आहे. छापील माहितीपत्रकात सगळीकडे ट्रान्सऑक्सियाना आहे, तिथल्या लोकांचा शब्द एकदाही नाही, आणि खिवाही त्यातच घातलं आहे. इतकी जाणती गाइड हाताशी असताना हे पत्रक तिला दाखवून का छापलं नाही?

गाइडला पाचपैकी पाच, गाडीला दोन. जाणार असाल तर गिज्दुवान आणि नदीकाठचा थांबा दोन्ही आधीच लिहून घ्या. थांबा ठरलेल्या कार्यक्रमात नाही, तो ती स्वतःहून घेते. आणि वही न्या.