मोफत क्रेडिट रिपोर्ट: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या डिसेंबरात नाशिकला पाथर्डी फाट्यावर एक फ्लॅट पसंत पडला. टोकन देण्याआधी कर्जाची चौकशी करायला बँकेत गेलो, तर मॅडम स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "तुमचा सिबिल 683 आहे. कमी पडतोय." मला धक्काच बसला. सातपूरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते, तारखा पाळणं हेच माझं काम, आणि घरचा एकही हप्ता मी कधी चुकवलेला नाही. कारण विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. रिपोर्ट काढून बघा, एवढंच म्हणाल्या. जानेवारीत काढला, आणि त्यानंतर वर्षभर काढतेच आहे.

आधी मुद्द्याचं. आपण स्कोअरलाच सिबिल म्हणतो, पण सिबिल ही आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या चार कंपन्यांतली एक. बाकीच्या तीन म्हणजे एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2017 पासून या प्रत्येक कंपनीने आपल्याला कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट मोफत द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट, एक पैसाही न देता. पॅन, जन्मतारीख, मोबाईल आणि ओटीपी एवढ्यावर काम होतं. मात्र कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. मी सुरुवातीला एका ॲपवर "फ्री स्कोअर" बघितला आणि पुढचे पंधरा दिवस कर्ज घ्या म्हणून फोन वाजत राहिला. संमतीच्या चौकटीत टिक आधीच केलेली होती, ते माझ्या नंतर लक्षात आलं. वेबसाइटवरही घाई करू नका. महिन्याचे, वर्षाचे पैसेवाले प्लॅन डोळ्यासमोर मोठे दिसतात आणि मोफतची लिंक कडेला बारीक अक्षरात असते. माझ्या बहिणीने तिथेच पैसे भरले होते.

आता माझं काय चुकलं होतं ते. 2019 मध्ये फ्रिज हप्त्यावर घेतला होता, दहा हप्ते, सगळे खात्यातून वळते झालेले. रिपोर्टात ते कर्ज अजून चालू, आणि थकबाकी 590 रुपये! शेवटच्या महिन्यात फायनान्स कंपनीने कसलासा चार्ज लावला होता, तो मला कधी कळवलाच नव्हता. खाली महिन्यांच्या चौकटी असतात, हप्ता किती दिवस उशिरा आला ते दाखवणाऱ्या. वेळेवर असेल तर 000. माझ्या चौकटीत 30, 60, 90 असं चढत गेलेलं. स्कोअरचा आकडा बघून यातलं काहीच कळलं नसतं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की आकड्यावर थांबू नका, चौकटी एकेक करून वाचा.

ऑनलाइन तक्रार केली, खातेउतारा आणि हप्त्यांच्या तारखा जोडल्या. 27व्या दिवशी दुरुस्ती झाली. मी निर्धास्त झाले. एप्रिलमध्ये दुसऱ्या कंपनीचा रिपोर्ट काढला तर तेच 590 रुपये पुन्हा समोर! एका ठिकाणी दुरुस्त झालं म्हणजे चारही ठिकाणी झालं, असं धरून चालू नये, हे तेव्हा कळलं. पुन्हा तक्रार. नियम असा की तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. त्यातले पहिले 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेकडे असतात. एप्रिल 2024 पासून हे लागू आहे. माझी तक्रार 38व्या दिवशी मिटली आणि 800 रुपये खात्यात जमा झाले. रक्कम छोटी आहे, पण आपल्या बाजूने नियम आहे हे बघून फार बरं वाटलं. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, या चारही कंपन्या सप्टेंबर 2022 पासून त्यांच्या कक्षेत आहेत.

तोवर पाथर्डी फाट्याचा फ्लॅट मात्र दुसऱ्याने घेतला. त्याची हळहळ अजून आहे.

जूनमध्ये सासऱ्यांचा रिपोर्ट काढला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. "मी जन्मात कर्ज काढलं नाही, माझा कशाला?" असं म्हणत त्यांनी ओटीपी वाचून दाखवला. रिपोर्टात एक कर्ज होतं, पिकअप गाडीचं, आणि नानांच्या नावापुढे जामीनदार. 62 दिवस थकलेलं. नाना बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, "अरे, ओझरच्या बाळूला सही दिली होती ना." बाळू म्हणजे त्यांचा पुतण्या, पिंपळगावच्या मार्केटला माल नेतो. अवकाळीत द्राक्षं गेली, भाडी बुडाली, दोन हप्ते राहिले, आणि काकांना सांगायला त्याची जीभ रेटली नाही. नानांनी त्याला घरी बोलावलं, जेवू घातलं, मग विषय काढला. एक हप्ता त्याने भरला, एक आम्ही हातउसना दिला. आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे नात्याचा शब्द. तो शब्द आपल्या नावावर कर्ज म्हणून नोंदवलेला असतो, हे नानांना 71व्या वर्षी कळलं.

जुलैच्या रिपोर्टात चौकशीच्या पानावर एकाच आठवड्यात तीन फायनान्स कंपन्यांची नावं दिसली. ह्यांनी स्कूटर बघायला शोरूममध्ये माझं पॅन दिलं होतं, तिथल्या माणसाने तीन ठिकाणी अर्ज टाकला. अशा चौकश्यांनी स्कोअर उतरू शकतो. आपण स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला तर मात्र उतरत नाही, उतरेल ही भीती मनातून काढून टाका.

आणखी एक. जुनं कर्ज तडजोडीने मिटवायला कोणी बोलावलं तर "सेटल्ड" आणि "क्लोज्ड" यांतला फरक आधी विचारा. सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे आले नाहीत अशी नोंद, आणि पुढची बँक ती बघते. पूर्ण भरून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असा, दाखला घ्या आणि जपून ठेवा. फ्रिजचा दाखला माझ्याकडे नव्हता, म्हणूनच उतारे शोधत बसावं लागलं.

ऑक्टोबरात चौथा रिपोर्ट काढला. फ्रिजचं कर्ज बंद, थकबाकी शून्य, स्कोअर 756. इंदिरानगरात दुसरा फ्लॅट बघून ठेवलाय. बाळू दर महिन्याच्या सहा तारखेला हप्त्याची पावती नानांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि नाना ती मला दाखवतात. जानेवारीत त्यांचा रिपोर्ट पुन्हा काढायचा आहे, या वेळी ते स्वतःच आठवण करून देतायत.