गाडी नसताना बंगळूरहून एक दिवसाच्या सहली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्याकडे कार नाही. टॅक्सी करून पाच जणांनी कुठं जायचं तर दिवसाचे चार-पाच हजार सहज जातात, त्यामुळे बंगळूरला आल्यापासून आमचे रविवार मॉलमध्ये नाहीतर घरात जायचे. गेल्या ऑक्टोबरात ठरवलं की महिन्यातला एक रविवार शहराबाहेर काढायचा. सरकारी बस नाहीतर रेल्वे, घरचा डबा, आणि अंधार पडायच्या आत परतीच्या वाटेला लागायचं. आम्ही दोघं, दहा वर्षांची थोरली, पाच वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. मे संपेपर्यंत आठ सहली झाल्या. काही फार सुंदर झाल्या, दोन पार फसल्या.

आधी खर्चाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. आधार कार्डावर कर्नाटकातला पत्ता हवा. कंडक्टर कार्ड बघून शून्य रकमेचं तिकीट फाडून देतो, ते उतरेपर्यंत जपून ठेवायचं. राजहंस, ऐरावत, एसी गाड्यांना ही सवलत नाही. माझं आणि थोरलीचं असं शून्य तिकीट. सासूबाईंच्या कार्डावर अजून अक्कलकोटचा पत्ता, म्हणून त्यांचं पूर्ण भाडं. रेल्वेच्या साध्या डब्यात तर एवढे स्वस्तात जातो की तिथं सवलतीची आठवणही होत नाही.

मग पैसे जातात कुठं? शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये. स्टेशनपासून त्या तळ्यापर्यंत, त्या डोंगरापर्यंत रिक्षाशिवाय काही नसतं, आणि परत आणायला तीच रिक्षा थांबवून ठेवावी लागते. जागा निवडताना आम्ही आता बंगळूरपासूनचं अंतर बघतच नाही, स्टेशनपासूनचं बघतो. दुसरं बघायचं ते महिना आणि पोचायची वेळ. हे मात्र आम्ही दोन सहली वाया घालवून शिकलो.

पहिली नंदी हिल्स. जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरचं धुकं आणि सूर्योदय बघायला लोक येतात. बसनं, मुलांना आवरून, आम्ही पोचलो साडेदहाला. धुकं केव्हाच विरलं होतं. रविवारची गर्दी एवढी की धाकट्याचा हात सोडायची सोय नव्हती. स्वतःची गाडी असेल आणि पहाटे चारला निघायची तयारी असेल तर जावं. बसवाल्यांसाठी ही जागा नाही, निदान रविवारी तरी नाही.

दुसरी शिवनसमुद्र. कावेरी इथं दोन फाट्यांनी कोसळते, गगनचुक्की आणि भरचुक्की. १९०२ साली इथली वीज थेट कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली होती, ते थोरलीला शाळेत शिकवलेलं. तिच्या हट्टानं गेलो, पण गेलो फेब्रुवारीत. उघडा काळा कातळ आणि त्याच्या कडेनं ओघळणारी दोन-तीन पांढरी सुतं. दोन्ही धबधब्यांची ठिकाणं रस्त्यानं एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे रिक्षाचा खर्चही दुप्पट. थोरली परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही. तिथं जायचं ते जुलै ते सप्टेंबर, वरच्या धरणांतून पाणी सुटतं तेव्हा.

आता कोक्करेबेल्लूर. या एका गावासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

मद्दूरपर्यंत रेल्वे. डब्यात मद्दूर वडे विकायला येतात, ते घ्यावेतच. मद्दूरहून रिक्षा, जाऊन-येऊन आणि तिथं तीन तास थांबण्याचे मिळून आठशे रुपये ठरवले. गाव साधं आहे, कौलारू घरं, कडब्याच्या गंजी, म्हशी. आणि घरांवर सावली धरून उभ्या असलेल्या चिंचांवर, पिंपळांवर पेलिकन आणि चित्रबलाक या करकोच्यांची घरटी. कुंपण नाही. आपण गावच्या गल्लीत उभे असतो आणि डोक्यावर वीस-पंचवीस फुटांवर पक्ष्यांचा संसार चाललेला असतो. थंडीत ते येतात, अंडी घालतात, पिल्लं उडती झाली की उन्हाळा सरता सरता जातात.

आम्ही दोनदा गेलो. जानेवारीत काड्या आणण्याची धांदल चालली होती. एप्रिलात गेलो तेव्हा पिल्लं मोठी झाली होती. एका अंगणातल्या चिंचेखाली आम्ही अर्धा तास उभे होतो. मादी की नर कोण जाणे, पण एक पेलिकन येऊन बसला, त्यानं चोच उघडली, आणि पिल्लानं आपलं अख्खं डोकं मानेसकट त्याच्या गळ्याच्या पिशवीत घातलं. बाहेर फक्त पिल्लाचं थरथरणारं अंग. धाकटा घाबरून ओरडला, "आई, त्यानं बाळाला खाल्लं!" डोकं परत बाहेर आल्यावरच त्याचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या फांदीवर चित्रबलाक चोची आपटत होते, कोणी लाकडी टिपऱ्या वाजवाव्यात तसा आवाज. वास मात्र उग्र आहे, माशांचा आणि विष्ठेचा. डोक्याला टोपी किंवा ओढणी हवीच.

ती विष्ठा गावकरी खत म्हणून शेतात घालतात. चिंचेचं उत्पन्न बुडतं, पण पक्ष्याला कोणी हुसकावत नाही. सासूबाईंना कानडी येतं. त्या ओसरीवरच्या आजींशी बोलत बसल्या आणि मग आम्हाला सांगितलं, "ह्या म्हणतात, ह्या पक्षिणी आमच्या लेकी आहेत, बाळंतपणाला तवरु मनेला आल्यात." तवरु मने म्हणजे माहेर. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. पक्षी बघायला मी नुसती ओझं म्हणून येते, असं म्हणणारी बाई परतताना विचारत होती, परत कधी यायचं.

गावात आम्हाला स्वच्छतागृह सापडलं नाही, हॉटेलही नाही. मद्दूरलाच उरकून निघायचं, पाणी भरपूर न्यायचं. गल्लीत मोठ्यानं बोलू नये आणि विचारल्याशिवाय कोणाच्या अंगणात शिरू नये, हे मुलांना आधी समजावून ठेवावं.

रंगनतिट्टूला आम्ही मार्चमध्ये गेलो. हे पक्षी अभयारण्य श्रीरंगपट्टणच्या जवळ, कावेरीतल्या बेटांवर. सतराव्या शतकात नदीवर बांध घातला, त्यातून ही छोटी बेटं झाली. १९४० मध्ये पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी इथली घरटी पाहिली आणि म्हैसूरच्या महाराजांनी ती संरक्षित केली. २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. आमची चूक अशी झाली की गडबडीत श्रीरंगपट्टणला न थांबणारी गाडी पकडली. म्हैसूरपर्यंत जाऊन बसनं मागं आलो, सकाळचा तास-दीड तास गेला. तुम्ही थांबा तपासून घ्या.

होडीचं तिकीट प्रवेशाच्या वेगळं लागतं. पाच जणांचं मिळून हाच आमचा सगळ्यात मोठा खर्च ठरला, पण तो वाचवू नका. काठावरून पक्षी ठिपक्यांएवढे दिसतात. होडी बेटाच्या कडेला लागली की चमच्या पक्ष्याची चपटी चोच हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. खडकावर मगर जबडा उघडून पडली होती. नावाड्यानं वल्हं थांबवलं, कोणी बोलेना. वरून केआरएस (कृष्णराजसागर) धरणाचं पाणी सोडलं की होडी बंद असते, म्हणून भर पावसाळ्यात विचारून निघा.

बाकीचं थोडक्यात. रामनगरचं रामदेवर बेट्ट २०१२ पासून गिधाडांचं अभयारण्य आहे. रेल्वेनं स्वस्त पडतं, कातळ देखणे आहेत, पण आम्हाला एकही गिधाड दिसलं नाही. गुरांना देत असलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन ती देशभर संपत आली, २००६ मध्ये त्यावर बंदी आली तरी ती पूर्वीच्या संख्येला पोचलेली नाहीत. हे थोरलीला तिथं बसून सांगितलं. तिनं मग घरी येऊन गिधाडाचं चित्र काढलं. दोड्ड आलद मरा, म्हणजे सुमारे तीन एकरांवर पसरलेला वड, शहर बसनं होतो आणि अर्ध्या दिवसात उरकतो. माकडांनी आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी उचलून नेली, खायचं काही हातात धरू नका. ज्या महिन्यात खिशात काही नसतं तेव्हा लालबाग. मेट्रोनं उतरा आणि तिथल्या खडकावर चढा, तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. धाकट्याला हा आकडा इतका आवडला की तो अजून भेटेल त्याला सांगतो.

एक गोष्ट आम्ही आता पक्की पाळतो. एका दिवसात एकच जागा. श्रीरंगपट्टणला गेलो म्हणून किल्लाही बघू, मग म्हैसूरचं प्राणिसंग्रहालयही, असं केलं की मुलं रडकुंडीला येतात आणि रिक्षाचे पैसे तिप्पट होतात. एका झाडाखाली तीन तास बसलो ती सहल आमच्या लक्षात राहिली.

ऑगस्टमध्ये शिवनसमुद्र पुन्हा करायचं आहे, यावेळी पाणी असताना. सासूबाईंचा आधारवरचा पत्ता बदलायला दिला आहे. तोवर कार्ड आलं तर त्यांचंही शून्य तिकीट निघेल.