वॉटर पार्कचं प्रीफर्ड पार्किंग : पाडव्यापासून दसऱ्यापर्यंतचा अनुभव

राइड्स, लॉकर, नायलॉनच्या कपड्यांचा नियम यावर लिहीत नाही, सीझन पासवाल्यांना ते पाठ आहे. सोलापूरहून तासाभरात पोचता येतं अशा एका वॉटर पार्कला आम्ही पाडव्यापासून जातोय. साधं पार्किंग ५० रुपये, प्रीफर्ड १५०. परवा ‘पुढच्या सीझनचं प्रीफर्ड आत्ताच बुक करा’ असा मेसेज आला, म्हणून लिहायला बसलो.

जास्तीचे शंभर रुपये गेटजवळच्या जागेचे. आईचे गुडघे दुखतात म्हणून घेत होतो. साध्या पार्किंगपासून गेट रमतगमत चार-पाच मिनिटं. पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये जवळच्या जागेला काय चाटायचंय? सावली पाहिजे! प्रीफर्डमध्ये पेव्हर ब्लॉक, पांढरे पट्टे, कुंड्या, सगळा थाट. झाड एक नाही, हिरवी जाळीसुद्धा नाही. आणि पन्नास रुपयेवाल्या मैदानाच्या टोकाला डेरेदार कडुलिंब.

उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा सहज १५-२० अंशांनी जास्त तापते. बाहेरच चाळीसच्या वर, मग आतलं तुम्हीच धरा. सीटबेल्टचं बक्कल लागलं की पोरं किंचाळायची. चारी दारं उघडायची, स्टीअरिंगवर ओला टॉवेल टाकायचा (टॉवेल सोलापुरीच, तेवढं एक आपल्याकडं चांगलं मिळतं), आणि गाडी निवेपर्यंत आई दाराला धरून उभी. चालणं वाचवायला पैसे भरले आणि उभं राहणं पदरात पडलं.

मग मी कडुलिंबाच्या मागं लागलो. सकाळी येणारे सगळे सावली बघून झाडाच्या पश्चिमेला गाडी लावतात आणि दुपारी भाजतात. गाडी पूर्वेला लावायची. बारापर्यंत ऊन खाते, पण दोननंतर सावली तिच्यावर सरकते आणि निघायच्या वेळी आत बसता येतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्या सुमाराला मात्र थेट बुंध्याशीच घुसायचं. आईला आधी गेटवर उतरवायचं, मग गाडी झाडाकडं. पन्नास रुपयांत काम. आमची ही म्हणते, राइडपेक्षा तुम्ही झाडच जास्त बघता.

साडूंचा मुलगा अमेरिकेत ऑर्लँडोला असतो, त्याच्याकडून कळलं की तिकडंही तसंच. डिस्नेच्या मॅजिक किंगडमला गाडी लावली तरी पार्कचं दार समोर येत नाही, मोनोरेल नाहीतर फेरी बोट धरावी लागते. प्रीफर्डवाल्यालाही ती चुकत नाही, त्याची फक्त पार्किंगमधली ट्राम वाचते. तिथं एक गोष्ट बरी, एकदा पार्किंग भरलं की त्याच दिवशी डिस्नेच्या तिथल्या चारही पार्कांना चालतं. आमच्याकडं जेवायला बाहेर जाऊन आलं की परत पावती.

एवढं झाल्यावर मी आमच्या पार्कच्या प्रीफर्डला एकच स्टार देणार होतो. पण पाऊस पडला. साधं मैदान म्हणजे काळ्या मातीचं रान, वर नावाला मुरूम. एका चांगल्या सरीनंतर चाकाला माती अशी धरते की चाक फिरतं आणि गाडी जागेवर. सप्टेंबरच्या एका रविवारी ट्रॅक्टरनं ओढून गाड्या बाहेर काढत होते, गाडीमागं दोनशे रुपये. आम्ही त्या दिवशी प्रीफर्डमध्ये होतो, पेव्हरवरून सुळकन बाहेर. तिथं माझे शंभर रुपये वसूल, खोटं कशाला बोला.

आता भांडण. गर्दी झाली की प्रीफर्डमध्ये गाडीच्या मागं गाडी लावतात आणि किल्ली मागून घेतात. पार्किंगवाल्या पोरानं गाडी हलवली आणि मागच्या दाराला वीतभर ओरखडा. मॅनेजरनं पावतीवरची ओळ दाखवली : वाहन मालकाच्या जबाबदारीवर. मी म्हटलं, साहेब, किल्ली तुमच्याकडं होती. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ साली व्हॅलेला (गाडी नेऊन लावणाऱ्या हॉटेलच्या माणसाला) दिलेली मारुती झेन चोरीला गेली होती. किल्ली घेतल्यावर स्वतःच्या हलगर्जीपणाची जबाबदारी अशी ओळ छापून झटकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्यात सांगितलं. ते चोरीचं प्रकरण होतं आणि हा नुसता ओरखडा, हे मलाही कळतं. पण किल्ली ती किल्लीच. बराच वेळ ‘बघतो की ओ काका’ झाल्यावर पॉलिशचे पैसे पासाच्या खात्यात जमा झाले. रोख दिले नाहीत.

आता किल्ली देत नाही. मागं लावा म्हटलं की सरळ साध्या मैदानात वळतो. सीझनभराचं प्रीफर्ड बुक करणार नाही. त्या दिवशीचं आभाळ बघून खिडकीवर दीडशे भरायचे की पन्नास ते ठरवणार. आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर साडेदहाच्या आत पोचा, कडुलिंबाच्या पूर्वेला चारच गाड्या मावतात.