उभ्या गाडीचा विमा: किलोमीटर मोजून घेतलेल्या पॉलिसीचे नऊ महिने

मार्च २०२४ मध्ये पुण्याची मेट्रो रामवाडीपर्यंत गेली आणि माझी स्विफ्ट बेकार झाली. मी वनाजला राहतो, ऑफिस कल्याणीनगरला. पूर्वी रोज नळ स्टॉपच्या सिग्नलला आयुष्य जायचं. आता गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते आणि एखाद्या रविवारी मी तिची बॅटरी उतरू नये म्हणून सोसायटीला एक प्रदक्षिणा घालून आणतो. विम्याचा हप्ता मात्र रोज तीस किलोमीटर चालवणाऱ्याचाच.

म्हणून मार्च २०२५ च्या रिन्यूअलला 'पे ॲज यू ड्राइव्ह' घेतलं. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे विमा नियामकानं, या प्रकाराला परवानगी दिली, तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांकडे तो मूळ पॉलिसीला जोडायचा ॲड-ऑन म्हणून मिळतो. वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं आणि तेवढ्यापुरता हप्ता भरायचा. मी ५,००० चा टप्पा घेतला. आता नऊ महिने झाले, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

आधी पैशांचं, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. जाहिरात वाचून मला वाटलं होतं की गाडी निम्मी चालवली तर हप्ताही निम्मा होईल. तसं होत नाही. हप्त्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, त्याचा दर सरकार ठरवतं. माझी गाडी १,१९७ सीसीची, म्हणजे १,००० ते १,५०० च्या गटात, तिथे २०२५ मध्ये ३,४१६ रुपये. गाडी वर्षभर चालवा नाहीतर वर्षभर धूळ खाऊ द्या, यातला एक रुपया हलत नाही. सवलत फक्त दुसऱ्या भागावर, ओन डॅमेजवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर. माझा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) वजा जाऊन तो भाग ३,१८० होता, ५,००० किलोमीटरच्या टप्प्यात २,२२६ झाला. १८ टक्के जीएसटी धरून ७,७८३ च्या जागी ६,६५८ भरले. वाचले सव्वाअकराशे. गाडी सात वर्षं जुनी आणि बोनस पूर्ण, त्यामुळे मुळात कापायला फारसं काही उरलेलंच नव्हतं. नवी, महागडी गाडी असेल तर आकडा मोठा दिसेल.

आता पहिला घोळ. पॉलिसी घेताना ॲपवर मीटरचा फोटो टाकायचा होता. मी पार्किंगमध्ये वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून, नीट ३८,४१२ दिसेल असा काढला. पॉलिसी ईमेलवर आली, मी ती फोल्डरमध्ये टाकली आणि विसरलो. चार दिवसांनी बायकोला पीडीएफ पाठवताना सहज नजर गेली. सुरुवातीचं रीडिंग छापलं होतं ३३,४१२. म्हणजे कागदोपत्री माझे पाच हजार किलोमीटर पॉलिसी सुरू झाली त्याच क्षणी संपलेले! त्या चार दिवसांत कोणी ठोकलं असतं तर नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं मीटर पाहून फाइल मिटवली असती. फोन केला तर "सर, सिस्टीमने फोटोवरून घेतलंय" हे उत्तर. तीन फोन, दोन ईमेल, पुन्हा एक फोटो, एक व्हिडिओ आणि अकरा दिवस, तेव्हा दुरुस्तीचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचं पत्र, आलं. कोणी हे घेणार असाल तर पॉलिसी हातात आल्यावर बाकी काही वाचू नका, आधी ते पाच आकडे मीटरशी ताडून बघा.

जुलैत उंदीर. गाडी तीन आठवडे जागची हलली नव्हती. स्टार्ट केली तर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायरी दाखवल्या, वर एअर फिल्टरच्या डब्यापाशी शेंगांची टरफलं. बिल ४,६००. क्लेम करावा का? हिशेब मांडला. प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, वर सक्तीचे १,००० रुपये आपल्या खिशातून, म्हणजे हातात दोन हजारांच्या आसपास. त्याबदल्यात ५० टक्क्यांचा बोनस शून्यावर येणार आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० अशी पाच वर्षांची शिडी चढायची. खिशातून भरले. यात पॉलिसीचा दोष नाही, पण 'उभ्या गाडीला कसला धोका' हे वाक्य मी त्या दिवसापासून वापरत नाही.

मग थेट थर्ड पार्टीवरच का येऊ नये, असं मला दोघातिघांनी विचारलं. कारण २५ जुलै २०२४ मला आठवतो. सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, आणि पार्किंगमधली गाडी म्हणजे उभीच गाडी. नुसती थर्ड पार्टी असेल तर अशा नुकसानीचा एक पैसा मिळत नाही. सहा-सातशे किलोमीटर महिन्याला चालणाऱ्या गाडीपेक्षा माझी गाडी पुरात सापडण्याची शक्यता कमी आहे, असं कोण म्हणेल?

आणि विमा संपू देणं हा तर पर्यायच नाही. 'मी चालवतच नाही' हे सोसायटीच्या गेटच्या आत ठीक. सार्वजनिक जागेवर गाडी आली की मोटार वाहन कायद्याचं विमा सक्तीचं कलम १४६ लागू. पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड, नंतर ४,०००, आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. शिवाय ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की नो क्लेम बोनस गेला. माझी मावसबहीण लेस्टरला असते, ती सांगते की तिकडे गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवलं की रोड टॅक्सही नाही आणि विम्याची सक्तीही नाही. गाडी स्वतःच्या आवारात ठेवायची, बस. सॉर्न म्हणतात त्याला. आपल्याकडे असं बटण नाही.

म्हणजे अगदीच नाही असंही नाही. सासऱ्यांची अल्टो वाईला असते. ते मेव्हणीकडे मेलबर्नला सहा महिने जाणार होते. निघायच्या आधी मला म्हणाले, "जावईबापू, गाडी शेडात, किल्ली कपाटात. मग सहा महिन्यांचे पैसे कशाला द्यायचे त्यांना?" मी म्हटलं, "अण्णा, विचारून बघतो." एजंट म्हणाला असलं काही नसतं. मग मी जुनी मोटार टॅरिफ, म्हणजे गाडीविम्याच्या दरांचं आणि नियमांचं पुस्तक, चाळली, तर त्यात आयएमटी ११ नावाचं कलम निघालं, लेड-अप, म्हणजे न वापरता बंद ठेवलेल्या गाड्यांसाठीचं. सलग किमान दोन महिने गाडी गॅरेजमध्ये बंद राहणार असेल तर आधी कळवायचं. त्या काळात अपघाताची जबाबदारी थांबते, आग, चोरी, पूर वगैरेंचं संरक्षण चालू राहतं, आणि मोबदला पुढच्या हप्त्यात वजा होतो किंवा मुदत वाढते.

साताऱ्याच्या शाखेत खिडकीवरच्या मुलानं हे नावही ऐकलेलं नव्हतं. आतल्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक साहेब होते, ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पंधरा वर्षांत हे मागणारे तुम्ही पहिले." अर्ज, आरसीची झेरॉक्स, गाडी कुठे ठेवणार तो पत्ता. दोन हेलपाटे एसटीनं. रिन्यूअलला ३८० रुपये कमी झाले. अण्णांना ते ३८० जिंकल्यासारखे वाटले, आल्यावर शेजाऱ्यांना सांगत होते. माझं एसटीचं तिकीट मी हिशेबात धरलेलं नाही.

परत माझ्या पॉलिसीकडे. नऊ महिन्यांत ४,१२० किलोमीटर झाले. वाईच्या सहा फेऱ्या, गणपतीत गुहागर, शहरातलं किरकोळ, आणि नोव्हेंबरात नागपूरचं लग्न. त्या एकट्या लग्नानं दीड हजार खाल्ले. निघायच्या आठवडाभर आधी मी रेल्वेची तिकिटं बघत बसलो होतो, तर बायको म्हणाली, "अरे, विमा आपल्यासाठी आहे की आपण विम्यासाठी?" खरं सांगायचं तर या पॉलिसीचा हाच भाग मला नको झालाय. गाडी काढताना डोळे आधी मीटरवर जातात. कोणी "जरा गाडी देतोस का, तळेगावला जाऊन येतो" म्हटलं की मनात गुणाकार सुरू.

माझ्या पॉलिसीत मर्यादा ओलांडली की थर्ड पार्टी चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम बंद. सगळ्या कंपन्यांत नियम असाच नसतो, पॉलिसीच्या वर्डिंगमधला तो एक परिच्छेद शोधून वाचायचा. मर्यादा संपण्याआधी टॉप-अप घेता येतो. मी नागपूरहून आल्या आल्या घेतला, १,००० किलोमीटरचे ३५४ रुपये. ते पाच मिनिटांत झालं आणि या वेळी आकडाही बरोबर छापला, हे कबूल करायला हवं.

काल पुढच्या वर्षाचं कोटेशन काढून पाहिलं. ५,००० आणि ७,५०० या टप्प्यांत फरक २५४ रुपयांचा, जीएसटी धरून ३००. म्हणजे मी हजार किलोमीटरच्या टॉप-अपला जेवढे मोजले त्यापेक्षा कमी पैशांत अडीच हजार मिळत होते. मार्चमध्ये ७,५०० घेतोय.